वाटलेलं बी वाचतं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या तालुक्यात परसबागेच्या बियाण्यांची पाकिटं वाटण्यात आली. छोटेखानी कार्यक्रम झाला, सत्कार झाले, बायकांना ओळीत उभं करून पाकिटं हातात दिल्याचे फोटो झाले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर प्रेसनोट आली. मथळा तयारच होता : 'महिलांच्या सकस आहारासाठी अभिनव उपक्रम'.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एक काकू ते पाकीट घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "दादा, हे आता लावून उगवंल का?"

मी पाकीट उघडून बघितलं. आत सहा छोट्या पारदर्शक पुड्या. पालक, मेथी, मुळा, गाजर, कोथिंबीर आणि भेंडी. पुड्यांना स्टेपलरची पिन. वाणाचं नाव नाही, लॉट नंबर नाही, चाचणीची तारीख नाही, उगवणशक्ती नाही. बाहेरच्या मोठ्या पाकिटावर मात्र चार फोटो. फोटो कुणाचे ते तुम्हाला माहीत आहे.

वाटप कुठल्या कार्यालयानं केलं हे मी इथं लिहीत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. अशी वाटपं सगळीकडं होतात आणि बहुतेक ठिकाणी अशीच होतात. मला आज बोलायचंय ते त्या बियाण्यांबद्दल. परसबाग हा विषय आपण 'हौस' म्हणून बाजूला ठेवतो. पण मूठभर बियांमागं पाणी आहे, वेळ आहे, कायदा आहे, आणि आपल्या घरातल्या बायकाही आहेत.

आधी त्या सहा पुड्यांचा हिशेब करू.

मुळा आणि गाजर ही थंडीची पिकं. लातूर जिल्ह्यात मार्चच्या मध्याला पारा ३८च्या आसपास फिरतो. अशा उन्हात मुळा टाकला तर तो तिखट आणि जाळीदार होतो, लवकर डेंगळतो. गाजर तर उगवायलाच का-कू करतं. कोथिंबीर आणि मेथी सावलीत, रोज पाणी घालून थोडीफार निघते, पण चार पानं आली की फुलावर जाते. पालकाचं तेच. म्हणजे सहापैकी पाच पुड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात द्यायच्या होत्या. उरली भेंडी. भेंडीला ऊन चालतं, पण तिलाही फेब्रुवारीत माती मिळाली असती तर एप्रिलमध्ये ताटात आली असती.

काकूंना मी एवढंच सांगितलं की भेंडी रात्रभर भिजवून उद्या लावा, बाकीच्या पुड्या नीट बांधून थंड जागी ठेवा, दिवाळीला बघू. त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हंजे फोटोपुरतंच होतं की."

*

वसंत ऋतूतल्या बागेचे व्हिडिओ आजकाल मोबाइलवर भरपूर दिसतात. बर्फ वितळतो, खिडकीत रोपांचे ट्रे, मग हळूहळू अंगणात लागवड. बघायला छान वाटतं. पण आपला वसंत तसा नसतो. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडं झाडांना पालवी फुटते खरी, पण विहिरीचा तळही तेव्हाच दिसायला लागतो. त्यामुळं मराठवाड्यात उन्हाळी परसबागेचं नियोजन संक्रांतीला सुरू करायचं आणि होळीच्या आत लागवड उरकायची. होळीनंतर नवीन काही लावणं म्हणजे उन्हाशी कुस्ती.

आणि नियोजन बियाण्यापासून करायचं नाही. पाण्यापासून करायचं.

आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. घरी हजार लिटरची टाकी आणि दोन ड्रम. ते पाणी प्यायला, आंघोळीला, धुण्याला. झाडांच्या वाट्याला येतं ते भांडी विसळलेलं, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी. पहिलं तेलकट, साबणाचं पाणी नाही, त्यानंतरचं. मोजलं तर दिवसाला ३५ ते ४० लिटर भरतं. मग त्या ४० लिटरमध्ये काय बसतं तेवढंच लावायचं. आमच्याकडं घरामागं साधारण १२ बाय १५ फुटांची जागा आहे, पण उन्हाळ्यात आम्ही ती सगळी कधीच लावत नाही. दोन वेल, दहा-बारा भेंडी, चार मिरच्या, दोन वांगी आणि एक छोटा वाफा माठ किंवा चवळईचा. बास. मुळाशी उसाचं पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरायचं, पाणी संध्याकाळी द्यायचं, आणि एप्रिल लागला की बांबूंवर जुनी साडी ताणून दुपारचं ऊन अडवायचं. एवढं केलं की पाच माणसांच्या घराला आठवड्यातून तीन वेळा तरी घरची भाजी मिळते.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढी उठाठेव? मेमध्ये बाजारात भेंडी-गवार काय भावानं घेता ते आठवा, आणि मग बोला.

*

आता बी. पाकीट विकत घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. कृषी विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी फार चांगली वाणं दिलेली आहेत. भेंडीची 'परभणी क्रांती' आपल्याच मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाची. शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला ती दाद देत नव्हती म्हणून देशभर गेली. बंगळुरूची 'अर्का अनामिका' आहे, राहुरीची 'फुले ज्योती' मिरची आहे. पण पाकीट घेताना ते वाचायचं. आपण बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख बघतो, बियाण्याच्या पाकिटावरची बघत नाही.

पाकिटावर पिकाचं आणि वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, किमान उगवणशक्ती आणि शुद्धता असायला हवी. बियाण्याची वैधता साधारणपणे चाचणीपासून नऊ महिने धरतात. लेबलच्या रंगालाही अर्थ असतो. निळं असेल तर बियाणं प्रमाणित, हिरवट असेल तर सत्यप्रत, म्हणजे कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेलं. आणि किमान उगवणशक्ती म्हणजे शंभर टक्के नव्हे. सरकारी मानकांत टोमॅटो-वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५ आणि मिरचीला ६० टक्के उगवण पुरेशी धरलेली आहे. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतल्या सहा उगवल्या तर बियाणं पास. हे माहीत नसलं की माणूस पाच रोपांसाठी पाच बिया टाकतो आणि मग नशिबाला दोष देतो.

बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते खायचं नाही, लेकरांच्या हाती द्यायचं नाही, पेरून झालं की हात साबणानं धुवायचे. वाटपाच्या पुड्यांवर हा इशाराही नव्हता, आणि त्यातली भेंडी गुलाबी होती.

घरी आणलेलं बी आधी तपासायचं. वीस बिया मोजून घ्या, ओल्या सुती कापडात एकमेकीला न चिकटता मांडा, गुंडाळी करून डब्यात ठेवा, कापड वाळू देऊ नका. भेंडी, काकडी, गवार पाच-सात दिवसांत मोड दाखवतात. मिरची-वांग्याला दहा-बारा दिवस थांबा, थंडी असेल तर आणखी. वीसपैकी चौदा फुटल्या तर ७० टक्के. दहा फुटल्या तर दुप्पट पेरा. पाच-सहाच फुटल्या तर ते बी दुकानदाराला दाखवा.

ही पद्धत मी बागेसाठी शिकलो नाही. २०२०च्या खरिपात शिकलो. त्या वर्षी मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गुन्हे नोंदवायचे आदेश दिले. पंचनाम्यांच्या बातम्या करत मी बांधाबांधांवर फिरत होतो. रिकाम्या तासांकडं बघत उभी असलेली माणसं बघितली. दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे हा एकच प्रश्न. पण त्याच शिवारात काही रानं हिरवी होती. विचारलं तर उत्तर एकच : घरचं बी ठेवलं होतं, पेरायच्या आधी गोणपाटात शंभर दाणे घालून बघितले होते. कृषी विभागही दरवर्षी मे महिन्यात हेच सांगतो. फुकटची परीक्षा, एका गोणपाटाची. ज्यांनी केली ते वाचले. तेव्हापासून मी कुठलंही बी, अगदी दहा रुपयांच्या पाकिटातलं असलं, तरी कापडात घालून बघितल्याशिवाय मातीत टाकत नाही.

*

रोपं करायची ती मिरची, वांगी, टोमॅटोची. बाकी भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारलं हे सगळं थेट जागेवर. वेलांच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही. फारच लवकर करायचं असेल तर दुधाच्या पिशवीत एक-एक बी लावा आणि दोन-तीन खरी पानं आल्यावर पिशवी अलगद फाडून मातीच्या गड्ड्यासकट लावा.

रोपांसाठी ट्रे विकत आणायलाच पाहिजेत असं नाही. चहाचे कागदी कप, दह्याचे डबे, फुटकी बादली, सगळं चालतं. फक्त बुडाला भोकं हवीत. निम्मी माती, निम्मं चाळलेलं मुरलेलं शेणखत. शेणखत कच्चं नको, हुमणी आणि वाळवी घेऊन येतं. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल. मिरचीचं बी म्हणजे नखभर मातीखाली, दुधीचं साधारण इंचभर. कारल्याचं कवच टणक, ते चोवीस तास भिजवून मग ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं, तोंड उघडलं की लावायचं.

जानेवारीत आपल्याकडं दिवसा ऊन असलं तरी रात्री गार असतात. त्यामुळं वेलांची घाई करू नये. संक्रांत झाली, गारठा ओसरला की लावायचे. मिरचीच्या रोपांवर ओलं गोणपाट झाकून ठेवायचं, आणि पहिला मोड दिसला की त्याच दिवशी काढायचं. दोन दिवस उशीर झाला की रोपं लांबट, पांढरी, लुळी होतात. सगळ्यात जास्त रोपं मरतात ती जास्त पाण्यानं. माती वरून ओली दिसतेय आणि तरी आपण प्रेमानं आणखी एक तांब्या ओततो. मग रोप मातीच्या वर बारीक होतं आणि कोलमडतं. वांगी-टोमॅटोची रोपं चार आठवड्यांत, मिरचीची सहा आठवड्यांत लावण्याजोगी होतात. लावायच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करायचं, म्हणजे ती जरा काटक होतात. आणि लावायची ती ऊन उतरल्यावरच.

एवढं सगळं लिहिलं, पण खरं सांगायचं तर यातलं बरंचसं मला पुस्तकातून कळलेलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात तर नाहीच नाही. ते आत्याकडून कळलं.

*

आमची आत्या आज शहात्तर वर्षांची आहे. मांजरा नदीपलीकडच्या एका गावात दिलेली. लग्न झालं तेव्हा तिनं माहेराहून लुगड्याच्या पदरात बी बांधून नेलं होतं. दुधी, वाल, गावठी काकडी, अंबाडी. त्यात नवल काही नव्हतं, सगळ्याच बायका न्यायच्या. बी असंच गावोगाव फिरायचं. मुलगी सासरी गेली की तिच्याबरोबर बीही सासरी जायचं, आणि सासरचं बी दिवाळीला माहेरी यायचं.

ती दुधी आमच्या घरातली. लांबट, मान जरा वाकडी, साल फिक्कट, आणि उन्हाळ्यातही वेल मरत नाही. आजी लावायची, मग आई लावायची. २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे मराठवाड्यात कोरडे गेले. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, 'जलदूत' म्हणून ती गाडी देशभर गाजली. त्याआधी मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली होती. त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडं परसबाग नव्हतीच. प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागं पळणारा माणूस दुधीला पाणी कुठून घालणार? बी डब्यात पडून राहिलं. पाऊसपाणी सुधारल्यावर आईनं लावलं तेव्हा वीसपैकी तीन बिया उगवल्या. त्यातली दोन रोपं किड्यांनी खाल्ली, तिसरं आपणहून गेलं. बी जिवंत वस्तू आहे. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं, मिरचीचं दोन-तीन वर्षांत, दुधी-काकडीचं नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. घरातल्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, त्याहून कमी.

आईनं ते फार मनाला लावून घेतलं होतं. आजीची एवढीच वस्तू घरात उरली होती.

मग आत्या दिवाळीला आली आणि तिनं कनवटीची गाठ सोडली. अकरा बिया. तीच दुधी. तिच्याकडं विहिरीला थोडंफार पाणी होतं, तिचा वेल जगला होता. आई रडली. आत्या म्हणाली, "आरं, बी पेटीत ठिवून ऱ्हातंय व्हय? चार घरी दिलं तर एका घरी तरी ऱ्हातंय."

मला वाटतं बियाण्याच्या सुरक्षेवरचं याहून चांगलं धोरण मी अजून कुठल्या सरकारी कागदात वाचलेलं नाही.

*

आणि हे धोरण बेकायदेशीर नाही, हेही सांगायला पाहिजे. 'घरचं बी विकता येत नाही, कायद्यानं गुन्हा आहे' असं छातीठोक सांगणारे लोक मला दुकानांत भेटलेत. तसं नाही. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याचं ३९वं कलम शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचासुद्धा हक्क देतं. अट एकच, ब्रँडच्या नावानं पाकीट करून विकायचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं १९६६च्या जुन्या कायद्याच्या जागी नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी काढला. त्यावर शेतकरी संघटना आणि बियाणं जपणारे गट बोलत आहेत. तो कायदा होईल तेव्हा आपण एवढं तरी बघायला हवं की हा हक्क शब्दाशब्दानं तसाच राहिला आहे की नाही.

दुसरा गैरसमज असा की 'हायब्रीड' म्हणजे 'जीएम'. नाही. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या जातींचा संकर. भारतात जीएम पिकांत शेतकऱ्यांना व्यापारी लागवडीची परवानगी आहे ती कापसाला. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली, ती अजून उठलेली नाही. हायब्रीड भाजी खायला काही वाईट नसते, उत्पन्नही जास्त देते. अडचण फक्त ही की तिचं बी धरता येत नाही. धरलं तर पुढच्या पिढीत फळं एकसारखी येत नाहीत. म्हणजे दरवर्षी पाकीट आलंच. म्हणून घरच्या बागेत निदान दोन-तीन भाज्या सरळ वाणाच्या किंवा गावठी ठेवायच्या.

बी धरायला सोपं काय? चवळी, वाल, गवार, मेथी. शेंग वेलावर वाळू द्यायची की झालं. टोमॅटोही सोपा, गर पाण्यात दीड-दोन दिवस आंबवायचा आणि धुऊन सावलीत वाळवायचा. वेलवर्गाचं बी मात्र जपून. मधमाश्या इकडचा पराग तिकडं नेतात, म्हणून दोन जातींच्या दुधी शेजारी-शेजारी लावल्या तर बी शुद्ध राहत नाही. सगळ्यात निरोगी वेलाचं एक चांगलं फळ राखायचं, ते वेलावरच पिकून वाळू द्यायचं. आत्या आधी त्या वेलाच्या दुसऱ्या फळाची चकती जिभेला लावून बघते. कडू लागली तर त्या वेलाचं बी धरायचं नाही, आणि ती भाजीही करायची नाही. कडू दुधीनं, विशेषतः तिच्या रसानं, माणसं दगावलेली आहेत. हे गमतीवारी घेऊ नका. वाळलेलं बी चुलीच्या राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर नाव आणि वर्ष लिहायचं.

*

यंदा संक्रांतीला बायकोनं हळदीकुंकवाचं वाण म्हणून बी दिलं. प्लास्टिकचे डबे, चाळण्या, आरसे देऊन-घेऊन सगळ्यांच्या घरात ढीग झालेत. तिनं वर्तमानपत्राच्या पुड्या केल्या, भेंडी, चवळी आणि ती दुधी. प्रत्येक पुडीवर वाण, वर्ष आणि लावायची तारीख पेनानं लिहिली. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ आणि उन्हाळी लागवडीची तयारी सुरू करण्याचा काळ एकच आहे. वाण घेऊन घरी जायचं आणि पंधरा-वीस दिवसांत मातीत टाकायचं. याहून चांगली वाटप यंत्रणा कुठली?

पण एक अडचण होती. हे सगळं बी ज्या बाईनं जपलं, ती आत्या विधवा आहे. गेल्या एकोणीस वर्षांत तिला एकाही हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. सवाष्णींच्या घोळक्यात बी वाटायचं आणि ते बी जिच्यामुळं आहे ती आत स्वयंपाकघरात बसणार.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं. मी त्या वेळी आमच्या तालुक्यातल्या किती गावांनी ठराव केला याची बातमी केली होती. ठराव फायलीत आहेत. हळदीकुंकू होतं तसंच होतंय.

बायकोनं आत्याला आठ दिवस आधी बोलावून घेतलं. हळदीकुंकवाच्या दिवशी तिला पाटावर बसवलं आणि सांगितलं, "पुड्या तुमच्या हातानं द्या." आत्या आधी नको म्हणाली. लोक काय म्हणतील, तुमच्या घराला बोल लागंल. मग बसली. आलेल्या बायकांपैकी दोघी पुडी न घेता, पाणी पिऊन निघून गेल्या. ते मी लपवत नाही, असंही झालं. बाकी चोवीस जणींनी घेतली. तिघी-चौघींनी वाकून नमस्कार केला. आणि मग जे सुरू झालं त्याला मी कार्यक्रम म्हणणार नाही. कारलं केव्हा लावायचं, वांग्याला शेंडे-अळी लागली तर काय, काकडी कडू का होते. तासभर प्रश्न. आत्या बोलत होती आणि दोन पोरी मोबाइलवर रेकॉर्ड करत होत्या. आलेल्यांतल्या एका बाईनं चार दिवसांनी आत्याला त्यांच्याकडची गावठी मिरची आणून दिली.

चोवीस घरी दुधी गेली. गेल्या आठवड्यात बायकोनं फिरून विचारलं. सतरा घरी वेल उभा आहे, त्यातले सहा फुलावर आहेत. म्हणजे पुन्हा २०१६ आलं तरी ते बी कुठं ना कुठं राहील.

*

राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात त्यांनी शेकडो देशी वाणं जपली, बायफ संस्थेच्या मदतीनं बियाणे बँक उभी केली. 'बीजमाता' म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतलं, ते योग्यच केलं. पण प्रत्येक तालुक्यात अशा दहा-वीस बाया आहेत, लहान प्रमाणात, आपापल्या परसात. त्यांच्यापैकी बऱ्याच सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांचं बी आणि त्यांची माहिती दोन्ही घेऊन ठेवायला आपल्याकडं फार वर्षं नाहीत.

परसबागेचे उपक्रम बंद करा असं मी म्हणत नाही. चांगले आहेत, अंगणवाडीत, शाळेत, बचत गटांत चालू द्या. पण चार गोष्टी करा. उन्हाळी बियाणं संक्रांतीच्या आत द्या, खरिपाचं मेअखेर आणि पालेभाज्यांचं दसऱ्याच्या आत. पुडीवर वाण, चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती छापा, फोटो नसले तरी चालतील. हायब्रीड न देता सरळ वाण द्या, म्हणजे पुढच्या वर्षी वाटायची वेळच येणार नाही. आणि वर्षातून एकदा तालुक्याला बियाणं अदलाबदलीचा दिवस ठेवा, त्यात जुन्या जाणत्या बायांना खुर्चीवर बसवा, कुंकू आहे की नाही ते न बघता.

हे निवेदन मी पंचायत समितीत आणि तालुका कृषी कार्यालयात दिलेलं आहे. पोच घेतली आहे. काय होतं ते इथं कळवीन.

तोवर आपलं आपण. मार्च संपत आलाय, त्यामुळं आता नव्यानं फार काही लावू नका. पाणी असेल तर गवार, भेंडी, माठ, चवळई लावा, सावली करा. ज्यांना खरिपाची मिरची-वांगी करायची आहेत त्यांनी मेच्या मध्याला रोपं टाका, मृगाच्या पावसावर लावता येतील. आणि गावाकडं जाल तेव्हा आई, आजी, आत्या, मावशी, जी कोणी असेल तिला विचारा, तुझ्या डब्यात काय आहे? वीस बिया घ्या. पाच तुम्ही लावा, पंधरा तीन घरी द्या. पुडीवर वर्ष लिहायला विसरू नका.

दुधीच्या बिया आमच्याकडं अजून आहेत. तालुक्यातल्या कुणाला हव्या असतील तर सांगा. बदल्यात बी आणलं तर उत्तम, नाही आणलं तरी चालेल.